मागच्या फळीवरची अक्षरं

आमच्या घरमालकांच्या टीव्हीच्या रिमोटवर एकही आकडा शिल्लक नव्हता. मिक्सरच्या बटणाभोवती, पंख्याच्या रेग्युलेटरवर, शेगडीवर, कुठंच काही लिहिलेलं उरलं नव्हतं. पुसून पुसून सगळं गुळगुळीत. काकू रेग्युलेटर फिरवायच्या आणि पंखा किती पळतो ते मान वर करून बघत उभ्या राहायच्या. कमी वाटला की अजून थोडा. "या घरात सगळं अंदाजानं चालते बाई," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "मीठ सोडून."

मी कृषी सहायक म्हणून मालेगावला रुजू झाले तेव्हाची गोष्ट. आमचं मालेगाव म्हणजे वाशिम जिल्ह्यातलं. हे दर वेळी सांगावं लागतं, नाहीतर लोक नाशिककडचं समजतात. काकांच्या घराच्या पडवीला लागून दोन खोल्या होत्या, त्या ते भाड्यानं द्यायचे. एक मला मिळाली. काका मला 'मॅडम' म्हणत आणि बोलत मात्र एकेरीत. "मॅडम, तू जेवली का?" त्यात त्यांना काही विसंगत वाटत नसे आणि थोड्याच दिवसांत मलाही वाटेनासं झालं.

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्यांचा सगळा जन्म गेलेला. निवृत्त होऊनही हात थांबले नव्हते. खांद्यावर जुन्या धोतराचं मऊ फडकं कायम. बोलता बोलता समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचे, पुसायचे, पुन्हा चढवायचे, आणि बोलणं तिथूनच पुढं. तोवर समोरचा माणूस आंधळ्यासारखा हसत बसलेला. "काचेची नळी उन्हात धरली का तिच्यातून पलीकडचा मानूस दिसला पाह्यजे," असं ते सांगत, "नळी नाही दिसली पाह्यजे." कुणी म्हटलं की काका, दुसऱ्याच्या वस्तूला विचारून तरी हात लावा, तर उत्तर ठरलेलं: "धूळ काही इचारून बसत नाही. मंग पुसाले कायले इचाराचं?"

एकदा ते एका मयताच्या घरी भेटायला गेले. भिंतीवर गेलेल्या माणसाचा फोटो होता, काचेवर कुंकवाचा टिळा लावलेला. घरातली माणसं रडत होती आणि काकांनी, डोळ्यांत पाणी असताना, फोटो खाली उतरवून लख्ख पुसून पुन्हा टांगला. टिळा गेला. काकू घरी येऊन त्यांना जे बोलल्या ते मी भिंतीपलीकडून ऐकलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझंही एकदा त्यांनी असंच केलं. किन्हीराजाच्या शेतकऱ्यांच्या मातीचे नमुने मी पिशव्यांत भरून आणले होते. प्रत्येक पिशवीवर पेननं नाव आणि गट नंबर. रात्रभर पडवीत ठेवल्या. सकाळी पाहते तर पिशव्या नव्यासारख्या चमकत होत्या, ओळीनं लावलेल्या, आणि एकीवरही नाव नव्हतं. मी डोक्याला हात लावून खाली बसले. काकांना चूक कळली तशी ते आत गेले, सदरा घातला आणि माझ्याबरोबर एस.टी.त बसून किन्हीराजाला आले. दिवसभर उन्हात माझ्या मागं फिरले, खड्डे खणले, प्रत्येक शेतकऱ्याला स्वतः सांगितलं, "चूक माही हाये, मॅडमची नाही." एक म्हातारा हसून म्हणाला, "राहू द्या हो. आमची माती आजलोक कोनी धुतली नव्हती."

परतताना काकांच्या पायाला फोड आले होते. मला वाटलं, असा माणूस सापडायचा नाही.

शेजारची खोली रिकामी होती. ती विचारायला अक्षय आला तेव्हा मी ओट्यावरच होते. रिठदचा मुलगा, घरची थोडी शेती. मालेगावात मुलांना गिटार शिकवायचा आणि भीमगीतांच्या एका गायन पार्टीत वाजवायचा. काकांनी गाव विचारलं, वडलांचं काय चालतं ते विचारलं, आणि मग विचारलं, "आडनाव?"

त्यानं सांगितलं.

खांद्यावरचं फडकं काढून काकांनी दाराची कडी पुसली. मग म्हणाले, "नळ एक दिवसाआड येते. भरून ठेवा लागते." आणि किल्ली दिली.

त्यानंतर कितीतरी दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आपन तसं काही पाहत नाही. मानूस स्वच्छ पाह्यजे, बस." अक्षय समोर असला तरी सांगत, किंबहुना समोर असला की जास्त सांगत. एकदा नळावर पाणी भरताना अक्षय मला हळूच म्हणाला, "ताई, काकांनी मले खोली देली का बक्षीस देलं, तेच समजून नाही राह्यलं." मी हसले. तोही हसला.

पण दोघांचं जमलं. अक्षयच्या गिटारच्या तारा काका पुसून द्यायचे. अक्षय त्यांना मोबाइलवर जुनी गाणी लावून द्यायचा आणि रिमोटवर कुठलं बटण कशाचं, ते नेलपॉलिशचे ठिपके लावून काकूंसाठी ठरवून द्यायचा. काकांची मुलगी सोनल, वाशिमला शिकून नुकतीच घरी आलेली, ती म्हणायची, "बाबांचं पुसनं आन् याचं लिहनं. चालू द्या."

अक्षयला गिटार शिकवणारे गुरुजी कारंज्याचे. ते वारले. त्यांच्या बायकोनं त्यांचा अँप्लिफायर अक्षयला दिला. गिटारचा आवाज मोठा करणारी ती काळी पेटी असते ना, तीच. अक्षयनं ती एस.टी.च्या मागच्या सीटवर स्वतःच्या मांडीशी धरून आणली. पडवीत ठेवली तेव्हा ती काळी आहे हेही नीट कळत नव्हतं. जाळीच्या कापडात कापसाचे तंतू अडकलेले, वरच्या पट्टीवर उदबत्तीच्या धुराचा आणि हाताच्या घामाचा चिकट थर, नॉबभोवतीचे आकडे त्याखाली बुडालेले.

काकांचे डोळे असे चमकले की मला आणि अक्षयला एकदमच भीती वाटली.

"काका," अक्षय म्हणाला, "साफ तं कराचंच हाये. पन याच्यावरच्या खुना जाऊ नये."

मला वाटलं, आता ते धुळीचं वाक्य येणार. पण काका खाली मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आधी काय ठेवाचं ते दाखव. मंग काय काढाचं ते मी पाहतो."

अक्षयनं दाखवलं. नॉबभोवतीचे छापलेले आकडे. त्या आकड्यांच्या मधेच कुठंतरी लावलेले लाल ठिपके. नॉबची रेघ तिथं आणली की गुरुजींचा म्हणून जो आवाज होता तो निघायचा. मग त्यानं पेटी फिरवली. मागच्या फळीवर निळ्या ऑइलपेंटनं, जरा वाकड्या अक्षरांत दोन ओळी होत्या. वर 'जय भीम'. खाली 'सावकाश उचला'.

"सावकाश उचला," काकांनी वाचलं. "बराबर हाये. वजन हाये त्याले."

वरची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली नाही. तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही. पुढं आठवलं.

तो रविवार मी विसरणार नाही. काकांनी आधी पेटीचा प्लग हातात घेऊन पाहिला, तो कुठंच लावलेला नाही याची खात्री केली. मग दाढीच्या ब्रशनं कोरडी धूळ झटकली, वरून खाली, जाळीच्या विणीच्या दिशेनं. नॉब एकेक करून ओढून काढले आणि वाटीत ठेवले. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकला, कापड बुडवून इतकं पिळलं की त्यातून पाणी निघेना. "पानी पेटीवर टाकाचं नाही. फडक्यावर घ्याचं, आन् फडक्यालेही वाटलं नाही पाह्यजे का आपन ओलं हाओत." आकड्यांजवळ आले तेव्हा माचिसच्या काडीला कापूस गुंडाळला. आकड्याच्या कडेनं कडेनं मळ सोडवायचा, आकड्यावर घासायचं नाही, काडी काळी झाली की टाकायची, दुसरी घ्यायची.

"थिनर लावलं असतं तं पटकन निघालं असतं," सोनल म्हणाली.

"थिनरचं नाव नाही काढाचं," काका म्हणाले. "मळ कोन्ता आन् अक्षर कोन्तं, थिनर वळखत नाही. आपल्याले वळखता आलं पाह्यजे."

हळूहळू आकडे वर आले. पांढरे, स्वच्छ, जणू आत्ताच छापलेले. लाल ठिपके जसेच्या तसे. मागच्या फळीवर काकांनी फक्त ब्रश फिरवला, निळ्या अक्षरांना वळसा घालून. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट सोडून देताना पाहत होते. संध्याकाळच्या आत अक्षयनं नॉब ठिपक्यांवर आणून गिटार लावली आणि एक सूर काढला. काका फडकं मांडीवर ठेवून ऐकत राहिले. "आतून बी साफ हाये," ते म्हणाले.

आत मात्र जुन्या लाकडाचा दमट वास होता. काका म्हणाले, चार दिवस पडवीत राहू दे, हवा लागू दे, मी हाओ ना. अक्षयला सोयाबीन काढायला रिठदला जायचं होतं. तो पेटी काकांच्या भरवशावर ठेवून गेला.

त्याच आठवड्यात सोनलला पाहायला पाहुणे यायचे ठरले. घर मोठं, जमीन भरपूर, मुलगा इंजिनिअर. काकूंनी पडदे धुतले. काकांनी तर पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून अंगणातल्या तुळशीची पानं पुसली. मी त्या दिवशी दुपारीच शिवारातून परत आले, कारण सोनलनं मला जवळ राहायला सांगितलं होतं. पडवीत पाय ठेवला आणि फोडणीच्या पोह्यांच्या वासात दुसरा एक वास आला. थिनरचा.

पाहुणे दारातच होते, त्यामुळे मी पुढं काही पाहिलं नाही. पाणी दिलं, पोहे दिले. त्यांच्याबरोबर एक म्हातारी आजी होती, ती पडवीतल्या खुर्चीवर बसली, आणि तिच्या समोरच ती पेटी होती, पाठ बाहेर करून. ते सगळे गेल्यावर मी पाहिलं. मागच्या फळीवर एक फिकट चौकोन होता. बाकीचं लाकूड काळपट, तेवढाच भाग गोरा. दोन्ही ओळी गेल्या होत्या.

अक्षय परत आला तो खांद्यावरची पिशवी न उतरवताच त्या चौकोनासमोर उभा राहिला. काका आतून म्हणाले, "अरे, हात फिरता फिरता फिरला. माही सवय तं तुले मालूम हाये."

"तुह्या काकायची सवयच मेली तशी," काकू लगेच म्हणाल्या. "लोकाच्या मयताचा टिळा पुसला या मानसानं."

मीही माझ्या मातीच्या पिशव्यांची गोष्ट सांगितली. सोनलनं रिमोटची सांगितली. आम्ही सगळ्यांनी मिळून इतक्या भराभर गोष्टी सांगितल्या की शेवटी अक्षय हसला. "जाऊ द्या काका," तो म्हणाला. "तुमी तरी काय करसान." आणि पेटी उचलून आत घेऊन गेला.

हे प्रकरण इथंच संपलं असतं. कुणालाच काही वाटलं नसतं. पण काकांच्या खांद्यावरचं फडकं दिसेनासं झालं. टीव्हीवर धूळ बसली. मी मुद्दाम माझा धुळकट चष्मा तसाच घालून त्यांच्यासमोर बसले, तर त्यांनी पाहिलंही नाही. काकूंना वाटलं, पोरीच्या लग्नाची काळजी. पाहुण्यांचा होकार आला तेव्हा पेढा त्यांनी हातात घेतला आणि तसाच ताटलीत परत ठेवला.

एका सकाळी आम्ही सगळे ओट्यावर चहा घेत होतो. अक्षयही होता. काका एकदम म्हणाले, "अक्षय, मी वाचून पुसलं."

कुणाला कळलंच नाही, ते काय म्हणताहेत.

"हात फिरला म्हनलो होतो, ते खोटं हाये. ऑइलपेंट हाये ते, फडक्यानं जाते का? आतून थिनर आनलं. बसलो. घासलं. वरची ओळ आधी पुसली. मंग खालची तशीच राह्यली तं बरं दिसत नव्हतं म्हून ते बी पुसली." त्यांनी कप खाली ठेवला. "पाव्हने येनार होते. त्यायची म्हतारी जुन्या वळणाची हाये असं आयकलं होतं. चादर टाकता आली असती. फिरवून ठेवता आलं असतं. आत नेता आलं असतं. ते काही नाही सुचलं मले. पुसनं सुचलं."

काकू म्हणाल्या, "आता कायले उकरून काढता? पोराले काही वाटलं नाही तं."

"वाटलं नाही, कारन आपन सगळ्यायनं त्याले खोटं सांगतलं," काका म्हणाले.

मी खाली पाहिलं. सोनल उठून आत गेली.

अक्षयनं चहा संपवला. कप स्वतः विसळला, पालथा घातला. मग म्हणाला, "काका, चुकून पुसलं असं वाटे तवा मले राग नव्हता. आता बी राग नाही म्हना. पन आता मी या घरात कोन्तं गानं वाजवू आन् कोन्तं नाही, ते मले दर खेपी पाहा लागन."

काकांनी हात जोडले. अक्षयनं ते हात धरून खाली केले. त्याला ते बघवलं नाही.

महिना संपताना तो दुसरीकडे राहायला गेला. सामान न्यायला छोटा हत्ती टेम्पो आला होता. पेटी चढवताना काका धावत पुढं झाले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सावकाश." मग जीभ चावून तिथंच उभे राहिले. अक्षयनं पेटी एकट्यानंच वर ठेवली. काका म्हणाले, "मी पेंट आनतो. जसं होतं तसं लिहून देतो."

"नको काका," तो म्हणाला. "तुमच्या हातानं नको."

सोनलचा साखरपुडा झाला त्या दिवशी मी काकूंबरोबर वाढायला होते. जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी पडवीत पान खात बसली होती. काका कसे कुणास ठाऊक, व्याह्यांना ती सगळी गोष्ट सांगायला लागले. मला वाटतं, त्यांना ते ओझं कुठंतरी ठेवायचं होतं. तुम्ही येणार होतात म्हणून माझ्या हातून असं झालं, हे ते सांगत होते. व्याह्यांनी ऐकून घेतलं आणि काकांच्या मांडीवर थाप मारली.

"बरं केलं ना मंग! आमच्या म्हतारीनं पाह्यलं असतं तं तठूनच वापस फिरली असती. शायनेच हा तुमी."

सगळे हसले. आणि काका हसले. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, मी ते हसणं पाहिलं. ओठ तेवढे हलले. बाकी चेहरा जिथल्या तिथं. माझ्या मागं सोनल उभी होती. तिनंही ऐकलं होतं. तिनं माझ्या हातातून तांब्या घेतला, बाहेर गेली, आणि सासऱ्यांना पाणी दिलं. दुसरं ती काय करणार होती?

दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात आले. "मॅडम, तुहं गाव कारंजा ना? त्या गुरुजीचं घर तुले सापडन?"

आम्ही एस.टी.नं कारंज्याला गेलो. वाटभर ते खिडकीबाहेर पाहत होते. मी एकदा म्हटलं, "काका, त्या बाईंना हे माहीतच नाही. अक्षयनं सांगितलेलं नाही. आपण जाऊन उलट त्यांना दुखावू." ते म्हणाले, "मले समजते ते. पन न सांगता मले राहवून नाही राह्यलं." म्हणजे कुणासाठी चाललो आहोत, ते त्यांनाही ठाऊक होतं.

गुरुजींच्या पत्नी अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. सडसडीत, पांढऱ्या केसांच्या, डोळ्यांना जाड चष्मा. मी आमची ओळख सांगितली. त्यांनी सतरंजी टाकली. काका बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. पुसलं ते, वाचून पुसलं ते, खोटं बोलले ते. आणि व्याही 'बरं केलं' म्हणाले तेव्हा स्वतः हसले, तेही.

बाईंचे हात तुरीत थांबले होते. त्या म्हणाल्या, "ते मी लिहलं होतं."

काकांनी वर पाहिलं.

"आमच्या यायले पेंटच्या वासानं खोकला ये. म्हून मी लिहलं. प्रौढ वर्गात शिकली होती मी, नवं नवं होतं. लिहाले जागा पाह्यजे होती." त्या जरा हसल्यासारख्या झाल्या. "'सावकाश' लिहाले लय येळ लागला. वरचं तं मले पाठच होतं."

काका खाली बसले. सतरंजीवर नाही, जमिनीवरच. त्यांना रडू आवरेना. म्हातारा माणूस परक्या अंगणात असा रडतो तेव्हा आपण कुठं पाहायचं ते कळत नाही. मी तुरीकडं पाहत राहिले. बाई आत गेल्या, चहा घेऊन आल्या. काकांनी दोन्ही हातांनी कप घेतला.

"पोरगी कशी हाये?" बाईंनी विचारलं. "तिच्या मनातून हाये ना हे लगन?"

"हाये," काका म्हणाले.

"मंग होऊ द्या चांगलं. तिचा काय दोष." त्यांनी पुन्हा सूप पुढं ओढलं. "तुमी मले माफी मांगू नका. माफीचं मी काय करू? तुमी एक करा. त्या व्याह्याले सांगा का ते एका बाईनं लिहलं होतं. शिकून लिहलं होतं. आन् ते पुसलं हे बरं नाही झालं. तुमी हसले ना त्याच्यासंग, तं तुमीच सांगा."

"सांगतो," काका म्हणाले. "लग्नातच सांगतो."

लग्नात मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. अक्षयला पत्रिका गेली होती. तो आला नाही. दुपारी पंगती उठल्यावर व्याही मंडपाच्या कडेला एकटेच खुर्चीवर बसले होते. काका त्यांच्याकडे गेले. मी जवळच होते. "भाऊ," काका म्हणाले, "एक सांगाचं होतं."

"बोला ना व्याहीबुवा."

काकांनी मांडवाकडे पाहिलं. सोनल नव्या साडीत मैत्रिणींबरोबर फोटो काढत होती.

"जेवन झालं का?" काकांनी विचारलं.

"झालं की. झकास झालं."

"मंग बरं," काका म्हणाले, आणि माझ्याजवळून मला न पाहता निघून गेले.

आता माझी बदली झाली आहे. सोनलचं बरं चाललंय, तिला मुलगा झाला. बारसं झालं, पहिला वाढदिवस झाला, व्याही दर वेळी आले. काकांचा मला अधूनमधून फोन येतो. मी काही विचारत नाही, तरी ते आपण होऊन म्हणतात, "या बारीले राहून गेलं, मॅडम. दिवाळीले येनार हायेत ते. दिवाळीले सांगतो."

अक्षय वाशिममध्ये असतो, त्याचे कार्यक्रम जोरात चालतात. एकदा एका कार्यक्रमात मी स्टेजच्या मागं गेले होते. पेटी तीच. फळीवरचा तो गोरा चौकोन त्यानं तसाच ठेवलाय. मी विचारलं, लिहून का घेत नाहीस? म्हणाला, "मी गेल्तो कारंज्याच्या आजीकडे ब्रश घेऊन. आजी म्हने, आत्ताच नाही."

गावी गेले की मी त्या अंगणात जाते. मागच्या महिन्यातही गेले होते. आजी आता जास्त थकल्यात, पण मी दिसले की पहिला प्रश्न तोच. "सांगतलं का त्यायनं?"

"अजून नाही," मी म्हटलं. दर वेळी ते मला म्हणावं लागतं, आणि दर वेळी माझी मान खाली जाते. "दिवाळीला सांगतो म्हणाले."

आजींनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला, आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "पन मी वाट पाहून राह्यली म्हना त्यायले."